धूम्रपानविरोधी जाहिरात आणि मावळातील मशेरी

तंबाखूविरोधी प्रचाराचे साहित्य आपणां बहुतेकांच्या चिकित्सालयांत असते. दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो, भित्तिपत्रके वाटली जातात, ती भिंतीवर लागतात, लोणावळ्याच्या पावसात त्यांना ओल धरते आणि पुढील मे महिन्यात त्यांच्या जागी नवी येतात. या पत्रकाने कोणाचे मन पालटले काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. मला तो एका रुग्णेमुळे विचारावा लागला. त्या प्रसंगातील दोष सर्वस्वी माझा असल्याने तो प्रथमच सांगतो.

काही वर्षांपूर्वी पवन मावळातील एका गावाहून पन्नाशीची एक शेतकरी स्त्री माझ्याकडे आली. खालचा ओठ व हिरडी यांच्यामधील खोबणीत व्रण होता. तिखट सोसत नाही, एवढीच तिची तक्रार. माझ्या रुग्णपत्रकावर व्यसनाचा एक छापील रकाना होता : ‘धूम्रपान, मद्यपान : आहे / नाही’. मी विचारले, तिने नाही म्हटले, मी ‘नाही’वर खूण केली. मुखपाक समजून त्रिफळा क्वाथाचे गंडूष, इरिमेदादि तेल व खदिरादि वटी अशी योजना केली. मध्ये थोडे बरे वाटे, पुन्हा बिघडे. असे दोन महिने गेले. व्रणाच्या कडा बोटाला कठीण लागू लागल्या तेव्हा कोठे मी तिला पुण्यास पाठविले. बायोप्सीचा अहवाल कर्करोगाचा आला.

शस्त्रक्रियेनंतर ती भेटावयास आली तेव्हा मी म्हणालो, “मावशी, तंबाखूचं तुम्ही कधी बोलला नाहीत.” ती म्हणाली, “डॉक्टर, तुमी बिडी वढती का ते इचारलं. बिडी आमच्या घरात कुनीच वढत न्हाई. मी आपली मिसरी लावते, पर ती काय, दात घासायची.”

ज्या बाकावर ती दर खेपेस बसत असे, त्याच्या वरच्या भिंतीवर सिगारेट व काळवंडलेली फुफ्फुसे यांचे मोठे रंगीत भित्तिपत्रक होते. त्यातील एक अक्षरही खोटे नव्हते. परंतु ते तिला उद्देशून नव्हते, आणि माझा प्रश्नही तिला उद्देशून नव्हता.

चित्रात कोण आहे?

जाहिरात पटण्याची पहिली अट अशी की, पाहणाऱ्यास तिच्यात स्वतःची सवय ओळखू आली पाहिजे. या कसोटीवर आपल्याकडील धूम्रपानविरोधी जाहिरात मुळातच तोकडी पडते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही). म्हणजे राज्यात तंबाखू प्रामुख्याने मळून, चघळून, दाढेत धरून वा हिरड्यांना चोळून घेतली जाते. आणि भिंतीवरील चित्रातून मात्र धूर निघत असतो.

ही माहिती नवी नाही, आणि ती आपल्याच जिल्ह्यातून निघालेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली होती. मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांविषयीचा तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या निरनिराळ्या सवयी व त्यांचे तोंडात उमटणारे परिणाम यांची एवढी मोठी घरोघर पाहणी त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाली होती. अर्धशतकानंतरही आपण त्याच जिल्ह्यातील स्त्रीला ‘विडी ओढता का?’ असेच विचारतो.

नाणे मावळ, पवन मावळ वा आंदर मावळ, कोठल्याही खोऱ्यातील जुन्या घरात मशेरीची डबी आढळते. तंबाखूची पाने तव्यावर करपेपर्यंत भाजून त्यांची पूड करतात आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. प्रारंभ बहुधा दात घासण्यापासून होतो; नंतर सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर, भातलावणीत पाठ वाकली की, रात्री निजताना, अशा वेळा वाढत जातात. हिरड्यांच्या श्लेष्मल त्वचेतून निकोटिन शोषले जाते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्या लेखी ते मंजन आहे, व्यसन नव्हे. तंबाखू मळणाऱ्या पुरुषास आपण तंबाखू खातो हे निदान ठाऊक असते; मशेरी लावणारीस तेही ठाऊक नसते. म्हणून तिच्यासाठीच्या जाहिरातीचे पहिले वाक्य ‘तंबाखू सोडा’ असे असून चालत नाही. ‘मशेरी ही तंबाखूच आहे’, हे ते वाक्य असले पाहिजे.

वेष्टनावरील सचित्र इशाऱ्याचाही येथे विचार करावा लागतो. देशात असे इशारे ३१ मे २००९ पासून आले. त्या वेळी धूररहित तंबाखूच्या पुडीवर विंचवाचे चित्र होते. वाघ छाप, घोडा छाप अशा व्यापारचिन्हांची सवय असलेल्या ग्राहकास विंचू हाही एक छाप वाटला तर त्यात नवल नाही. पुढे चित्रे बदलली, खऱ्या मुखकर्करोगाची छायाचित्रे आली आणि १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापावा असा नियम झाला. सुधारणा मोठीच आहे. परंतु मशेरीसाठीची पाने पुष्कळदा आठवडे बाजारातून सुटी, कागदात बांधून येतात. त्यांवर ना चित्र असते ना इशारा. ज्या स्त्रीपर्यंत पुडीवरील चित्र पोहोचत नाही, चित्रपटगृहातील जाहिरात पोहोचत नाही, ती आपल्या बाकावर मात्र येऊन बसते.

भय पुरेसे नाही

भयावह चित्रे परिणामकारक असतात की नसतात, यावर बरीच चर्चा होते. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. १९६५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल व सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लसीसंबंधी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सौम्य, तर काहींना अंगावर शहारे आणणारी पुस्तिका दिली. भ्यालेल्यांनी ‘लस घेऊ’ असे अधिक उत्साहाने म्हटले. परंतु प्रत्यक्ष लस घेण्यात भयाच्या मात्रेने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. ज्यांना आरोग्यकेंद्र दाखविणारा नकाशा, लस देण्याच्या वेळा आणि ‘आपल्या आठवड्यात केव्हा जाल ते ठरवा’ अशी सूचना मिळाली, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के लस घेऊन आले. केवळ माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. त्या विद्यार्थ्यांना आरोग्यकेंद्र कोठे आहे हे आधीही ठाऊक होतेच!

आपल्या शास्त्राच्या परिभाषेत हे समजण्यास कठीण नाही. चरकाचार्यांनी प्रज्ञापराधाच्या मुळाशी धी, धृति व स्मृति या तिन्हींचा भ्रंश सांगितला आहे. आपल्या जाहिराती सर्व भार धीवर टाकतात : तंबाखूने कर्करोग होतो हे जाणून घ्या. परंतु तंबाखू मळणाऱ्या बहुतेक पुरुषांची धी शाबूत असते. त्याला विचारा, तो आपणहून कर्करोगाचे नाव घेईल. ढळलेली असते ती धृति, म्हणजे हातात चुन्याची डबी आली असता मन आवरण्याची शक्ती. आणि स्मृति, म्हणजे ऐन त्या क्षणी ठरविलेले आठवणे. या दोहोंना आधार देणारे वाक्य जाहिरातीत शोधू गेल्यास सापडत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून वेष्टनांवर ‘आजच सोडा’ या सूचनेसह १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक छापला जाऊ लागला. माझ्या दृष्टीने संपूर्ण वेष्टनावरील तो सर्वांत उपयुक्त मजकूर होय, कारण भ्यालेल्या माणसाने पुढे काय करावे हे तेवढाच सांगतो.

भयाला वाट न दिल्यास काय होते, याचे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. भुसावळचा मुकेश हराणे हा तरुण गुटख्याच्या व्यसनातून मुखकर्करोगाने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी गेला. टाटा स्मारक रुग्णालयात त्याने चित्रफितीसाठी सांगितलेली हकीकत २०१२ च्या नियमांनंतर देशभरच्या चित्रपटगृहांत दाखविली गेली. त्या चित्रफितीतील बळ निर्विवाद होते : खरा माणूस, खरे नाव, आपल्यासारखेच गाव. तरीही काही काळाने त्याच चित्रफितीच्या नकला होऊ लागल्या. मरण पावलेल्या मुलाच्या शब्दांवर लोक हसतात याचा मला संताप येई. आता वाटते की, हसणे हा त्या प्रेक्षकांचा बचाव असावा. दर चित्रपटापूर्वी तेच भय समोर येते आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग दाखविला जात नाही. मग मन त्या भयालाच हलके करून टाकते.

कोण बोलत आहे?

उपदेश करणारा आवाज व अनुभव सांगणारा आवाज यांत मोठे अंतर असते. अमेरिकेत रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये पूर्वी धूम्रपान करणाऱ्या खऱ्या रुग्णांना दूरदर्शनवर बोलते केले. कोणाचा कंठ छेदलेला, कोणाचे पाय तोडलेले. आणि ते आपली सकाळची तयारी कशी करतात एवढेच सांगत. जाहिरातीसोबत साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक होता. बारा आठवड्यांच्या त्या मोहिमेमुळे सुमारे १६ लाख अधिक लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला, असा अंदाज पुढे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट १९९८ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनेच तरुणांसाठी ‘विचार करा, धूम्रपान करू नका’ अशा अर्थाची मोहीम काढली होती. तिच्या जाहिराती पाहिलेली मुले धूम्रपानाच्या कल्पनेला अधिकच अनुकूल झालेली दिसली, असे २००२ च्या अभ्यासात आढळले. ‘करू नका’ हा शब्द मुलांना वाढवतो, आवरत नाही, हे शिक्षकांना विचारले असते तरी कळले असते.

थायलंडमधील २०१२ च्या एका चित्रफितीचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लहान मुले हातात सिगारेट घेऊन रस्त्यावर धूम्रपान करणाऱ्यांकडे विस्तव मागतात. मोठी माणसे त्यांना समजावतात, हे वाईट असते, याने मरण ओढवते. तेव्हा मूल त्यांच्या हाती एक चिठ्ठी देते : माझी काळजी करता, मग स्वतःची का नाही? खाली साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक. सर्व युक्तिवाद पाहणाऱ्याने स्वतःच केलेला असतो.

आपल्याकडे हा आवाज कोणाचा असावा? माझ्या त्या रुग्णेच्या जबड्याचा थोडा भाग काढावा लागला, पण ती वाचली. पुढील संक्रांतीला तिच्या गावच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मी तिला दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ती नको नको म्हणत होती. बोलली ती पाच मिनिटेही नसेल. भाकरी कुस्करून, दुधात भिजवून खावी लागते, लग्नकार्यात पंगतीला बसायची लाज वाटते, एवढेच तिने सांगितले. कर्करोग हा शब्दही तिच्या तोंडी आला नाही. मी त्यापूर्वी अर्धा तास चित्रे दाखवून भाषण केले होते. त्यातील कोणाला काही आठवत असेल असे वाटत नाही. नंतर काही स्त्रियांनी घरी जाऊन मशेरीची डबी फेकून दिली. त्यांपैकी काहींनी महिन्याभरात पुन्हा तवा चुलीवर ठेवला, हेही खरे. त्यांनी तसे का केले, ही चौकशी मला सर्वांत उपयोगी पडली.

पोट साफ होत नाही

जवळपास प्रत्येकीने एकच कारण सांगितले. मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. सोडून चार-सहा दिवस झाले, पोट फुगले, डोके जड झाले, मग थोडीशी लावली आणि बरे वाटले. निकोटिन आतड्याच्या हालचालीस उत्तेजन देते. ते एकाएकी बंद झाले की मलावरोध होतो. ही सोडण्याच्या काळातील तात्पुरती अवस्था आहे, हे तिला माहीत नसते. ‘मशेरी माझ्या पोटाला औषध आहे’ हा तिचा समज मग पक्का होतो. कर्करोगाचे कोणतेही चित्र या समजाला हात लावू शकत नाही, कारण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

आता, मलावरोधाचे काय करावयाचे हे वैद्यांना सांगणे म्हणजे काशीकराला गंगा दाखविणे होय. प्रकृति, कोष्ठ व वय पाहून प्रत्येकाने आपली योजना करावी. मुद्दा निराळा आहे. जाहिरातीत हे वाक्य आले पाहिजे की, ‘मशेरी सोडल्यावर थोडे दिवस पोट साफ होत नाही, त्यावरचा उपाय येथे मिळेल’. दिल्लीत वा मुंबईत तयार होणाऱ्या राष्ट्रीय जाहिरातीत ते कधी येणार नाही. ते फक्त आपल्या भिंतीवर येऊ शकते, आणि ते वाचणाऱ्या स्त्रीला ताबडतोब कळते की, लिहिणाऱ्याला आपले घर ठाऊक आहे.

सोडण्याच्या पद्धतीविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. चरकाच्या सूत्रस्थानात अहितकर सवय पादांशिक क्रमाने सोडावी असे सांगितले असल्याने आपला कल साहजिकच हळूहळू कमी करण्याकडे असतो. ऑक्सफर्ड येथे सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका ठरलेल्या दिवशी पूर्ण सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर आधी कमी करत जाऊन सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर त्यापासून दूर राहिले होते. ही पाहणी मशेरीची नाही, म्हणून ती जशीच्या तशी लागू करू नये. परंतु दोन्ही गटांत सोडण्याचा दिवस आधी ठरलेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पादांशिक क्रमाला शेवटची तारीख नसेल तर तो क्रम न राहता निमित्त होतो. मी रुग्णपत्रकावर तारीख लिहून घेतो. बहुतेक स्त्रिया एकादशी वा आपल्या एकवीरेच्या यात्रेचा दिवस निवडतात.

सूतिकावयातील स्त्रियांसाठी निराळा मजकूर असावा. मुंबईतील १,२१७ गर्भिणींच्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाणही अधिक होते. २००४ सालच्या त्या अभ्यासातील या स्त्रिया बहुतांशी मशेरी वापरणाऱ्या होत्या. सुनेला दिवस गेले असता सासूला सांगितलेली ही गोष्ट सासूचीही मशेरी सोडवते, असा माझा अनुभव आहे. सुनेची एकटीची मात्र सहसा सुटत नाही.

‘आयुर्वेदातही धूमपान आहे’

सुशिक्षित रुग्णांकडून, विशेषतः पावसाळ्यात भुशी धरणाकडे येणाऱ्या तरुण मंडळींकडून, हा युक्तिवाद ऐकू येतो. चरकोक्त धूमपान हे औषधी वर्तीचे, विशिष्ट काळी करावयाचे कर्म आहे. अकाली व अतिमात्र धूमपानाने होणारे उपद्रवही तेथेच सांगितले आहेत. तंबाखू ही तर या देशात पोर्तुगीजांच्या काळी आली. बृहत्त्रयीत तिचा मागमूस नाही. एवढे स्पष्टीकरण पुरे आहे. मात्र औषधी दुकानदारांना एक विनंती. वनौषधींच्या विड्या व सिगारेटी ‘निरुपद्रवी’ म्हणून मांडणीत ठेवू नयेत. कोणतेही पान जाळले तरी धुरात डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतेच, आणि आपल्या दुकानातील मांडणी ही आपली सर्वांत वाचली जाणारी जाहिरात असते.

दंतमंजनांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हा काळ्या मंजनाची डबी विक्रीस ठेवताना घटकांची यादी डोळ्यांखालून घालावी. मशेरी सोडू इच्छिणारीला काळे, बोटाने चोळावयाचे, तंबाखूविरहित मंजन देता येते. हात व दात यांची सवय काही काळ भागते. ‘रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळा आणि व्यसन घालवा’ अशा चूर्णांची पत्रके मात्र दुकानातून काढून टाकावीत. ज्याच्या नकळत द्यावयाचे, त्याची धृति कशी वाढणार? आणि ते चूर्ण फसले की त्याच भिंतीवरच्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

वैद्याचा एक मिनिट

लंडनमधील २८ डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेली पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यापैकी वर्षअखेर ०.३ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. ज्यांना डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे सोडण्याचा सल्ला दिला, पत्रक हाती दिले आणि पुन्हा विचारणा करू असे सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के होते. शंभरात पाच ही संख्या लहान वाटेल. पण जाहिरात भिंतीवर लटकत राहण्यापेक्षा वैद्याच्या हातून रुग्णाच्या हाती जाणे निराळे, हे तीवरून दिसते. भारतातही केरळ, गुजरात व आंध्र प्रदेशातील ग्रामीण भागांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना चित्रपट, भित्तिपत्रके व प्रत्यक्ष भेटीतील सल्ला यांची जोड देऊन पाहण्यात आली. मुखातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामातही डॉ. मेहता व डॉ. प्रकाश गुप्ता हेच होते.

या मिनिटात काय दाखवावे? इंग्लंडमधील २००८ च्या एका पाहणीत रुग्णांना त्यांच्या श्वसनक्षमतेवरून ‘तुमच्या फुफ्फुसांचे वय’ सांगितले गेले. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी १३.६ टक्क्यांनी धूम्रपान सोडले होते; नुसते आकडे मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होते. दुसऱ्याच्या फुफ्फुसाचे चित्र आणि स्वतःच्या फुफ्फुसाची बातमी यांतला हा फरक. आपल्याकडे त्यासाठी यंत्र नको, एक हातआरसा पुरतो. खालचा ओठ ओढून मशेरी टेकते ती जागा रुग्णेला स्वतःला पाहू द्यावी. सुरकुतलेली, पांढुरकी पडलेली त्वचा दिसली की पुढचा प्रश्न तीच विचारते.

गुटखा वा सुपारी खाणाऱ्या तरुणांसाठी तीन बोटांची परीक्षा आहे. स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात जातात काय ते पाहावयास सांगावे. ती जात नसतील तर मुखाच्या अंतस्त्वचेचे काठिण्य सुरू झाल्याची शंका घ्यावी. हे चित्र भिंतीवर लावले की बाकावर बसलेला तरुण ते करूनच पाहतो. परंतु सावध राहावे; ही परीक्षा त्या एका विकाराचीच आहे. मशेरी लावणारीचे तोंड पूर्ण उघडते आणि तरीही आत व्रण असू शकतो. माझ्या रुग्णेची तीन बोटे सहज गेली असती. म्हणून त्या चित्राखाली दुसरी ओळ अनिवार्य आहे : पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असल्यास दाखवा. आणि दाखविल्यावर आपण गंडूष देऊन दोन महिने काढू नयेत. पंधरा दिवसांची ती मर्यादा रुग्णापेक्षा वैद्यासाठी अधिक आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. त्यांतील किती जण आधी आपल्यासारख्याकडे व्रणाचे औषध घेत होते, याची नोंद कोठेही नसते.

नवे भित्तिपत्रक

माझ्या चिकित्सालयासाठी शेवटी मी स्वतःच एक पत्रक तयार केले. मजकूर असा :

‘मशेरी ही तंबाखूच आहे.
आरशात तोंड पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर आजच दाखवा.
मशेरी सोडल्यावर थोडे दिवस पोट साफ होत नाही. त्यावरचा उपाय येथे सांगू.
फुकट फोन : १८००-११-२३५६’

वयस्क स्त्रियांपैकी पुष्कळांना वाचता येत नाही, म्हणून वर चित्र हवे होते. चित्रकाराकडून तव्यावर भाजली जाणारी पाने काढून घेतली. छापण्यापूर्वी बाकावरील पाच स्त्रियांना ते दाखवून, यात काय दिसते, असे विचारले. तिघींनी ‘भाकरी करपली’ असे सांगितले. तवा काढून डबी आणि दाताला लावलेले बोट असे चित्र केले, तेव्हा एकीने पदर तोंडाला लावून शेजारणीकडे पाहिले. मग छापावयास दिले. ही पाच मिनिटांची विचारणा कोणत्याही प्रचारसाहित्यापूर्वी आपण का करीत नाही, याचे मला आता आश्चर्य वाटते.

पत्रक डोळ्यांच्या उंचीवर, वजनकाट्याच्या समोर लावले आहे. त्याखाली दोरीला आरसा बांधला आहे. जुन्या पत्रकातील फुफ्फुसे आता पुरुष बसतात त्या बाजूस आहेत. रुग्णपत्रकावरील ‘धूम्रपान, मद्यपान’ हा रकाना तसाच ठेवला, पण त्याच्या वर एक नवा छापून घेतला : ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’